घाट मोकळा करा!

बूट काढा आधी. मोजेही काढा. गोठ्यात शेण ताजं आहे, ओघळ थेट उंबऱ्यापर्यंत आलाय, आणि आजच्या दिवसात अनवाणी पायच जास्त कामाला येणार आहेत. पहाटेचे चार वाजलेत. माघातली थंडी कानाच्या पाळ्यांना झोंबतेय. डोळे अंधाराला सरावू द्या. समोर जी पांढरी भिंत वाटतेय ती भिंत नाही, खिल्लार बैल आहे, आणि तो कधीपासून तुमच्याकडेच बघतोय.

तुम्ही हिंजवडीजवळच्या मारुंजीतच आहात, पण 1990 च्या आसपासच्या. गावामागची टेकडी ओळखीची वाटेल, बाकी ओळख शोधू नका. हिंजवडीच्या दिशेला एकही उंच इमारत नाही. भात कापून मोकळी झालेली खाचरं, हरभरा, ज्वारी आणि टिपूर चांदणं. पूर्वेला आभाळाच्या कडेला पिवळट उजेड दिसतो तो पिंपरी-चिंचवडचा. तिथं तिसरी पाळी चालू आहे. या घरातला थोरला आत्ता तिथंच आहे, सकाळी सुटला की परस्पर रस्त्यावर येऊन आपल्याला गाठणार आहे. धाकटा भोसरीच्या एका वर्कशॉपात टर्नर. त्याने रजा टाकलीय.

शनिवार-रविवार म्हणजे सुट्टी, हे डोक्यातून काढून टाका. या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, आणि यात्रा तर ना गुरुवार बघते ना रविवार. ती पौर्णिमा बघून येते. यंदा माघी पौर्णिमा शनिवारी पडलीय. निमगावच्या खंडोबाची यात्रा, त्यात बैलगाड्यांचा घाट, आणि या घराचा गाडा नवसाचा. म्हणजे रजा मिळो न मिळो, जायचंच.

"पाव्हनं, जरा बाजूला व्हा. सर्जा नव्या माणसाला शिंगावर घेतो." कंदील धरून आलेले हे आबा. घराचे कर्ते. त्यांच्या मागोमाग माई येतात, पदर कमरेला खोचलेला, हातात पितळी परात. परातीत उडदाच्या पिठाचे, तुपात मळलेले गोळे आहेत. वास घ्या. भाजलेलं पीठ, कच्चं तूप आणि त्याखालून येणारा पेंडीचा उग्र दर्प. माई गोळा उचलतात, सर्जाच्या ओठांशी नेतात आणि दुसऱ्या हाताने त्याच्या गळ्याची पोळी खाजवत राहतात. तो गोळा घेतो तेव्हा त्याची खरखरीत जीभ त्यांच्या मनगटापर्यंत जाते. वासरू असताना आजारी पडला तेव्हा माईंनी याला चुलीजवळ बांधला होता. घरातल्या पोरांना दूध कमी पडलं, पण याचं दूध चुकलं नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात ना अभिमान असतो ना तक्रार. घरात असंच असतं, इतकंच.

घाटात बायका फारशा जात नाहीत. माई येणार नाहीत. त्या सर्जाच्या कपाळाला कुंकू लावतात, त्याच्या कानापाशी काहीतरी पुटपुटतात आणि मग आबांकडे न बघता म्हणतात, "नंबर येऊ न येऊ, पाय धड घिऊन या त्याचे."

ही अट लक्षात ठेवा.

ट्रक दारात उभा आहे. फाळक्याला मातीचा उतार करून बैल वर चढवायचे असतात. एक चढतो, दुसरा अडतो. मागून कुणी शेपटी पिरगाळायला गेलं की आबा ओरडतात. मग धाकटा पुढे होऊन नुसता कासरा सैल सोडतो आणि जिभेने टकटक आवाज काढतो, तसा बैल आपसूक वर जातो. तळाला भाताचा पेंढा पसरलेला आहे. ट्रकमध्ये या घरचे दोनच बैल. तिसरा नेऱ्याच्या पाहुण्यांचा, चौथा जांब्याच्या. चार दमदार बैल एका दावणीला पोसणं एकट्या घराला झेपत नाही, म्हणून नातीगोती जुळवून गाडा पुरा होतो. लग्न जमवताना होत नाहीत एवढ्या बैठका यासाठी होतात. कुणाचा बैल कुणाशेजारी पळतो, कोण डावा, कोण उजवा, कोण शेजाऱ्याला ओढतो आणि कोण शेजाऱ्याच्या जिवावर पळतो, हे सगळं तोंडपाठ असावं लागतं.

तुम्ही मागेच बसा, बैलांच्या पायांशी. केबिनमध्ये जागा नाही, आणि तिथं बसून काही कळणारही नाही.

ताथवड्याहून चिंचवडकडे निघालात की थंड वाऱ्यात हळूहळू वेगळे वास मिसळायला लागतात. जळकं ऑइल, गरम लोखंड. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या बाजूने औषधी, आंबूस वासाचा झोत येतो आणि चारही बैल एकदम फुरफुरतात. भोंगा होतो. कारखान्यांच्या फाटकांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडतो, डबे हँडलला लटकलेले, डोळे तांबारलेले. ट्रकमधली शिंगं दिसली की त्या लोंढ्यातून हात वर होतात. "कुठला गाडा?" "मारुंजी!" "येतो रं मागनं!" थोरला तिथंच कुठंतरी चालत्या ट्रकच्या मागच्या साखळीला लोंबकळत वर येतो. रात्रभर मशीनवर उभा होता. पेंढ्यात बसतो, सर्जाच्या पोटाला पाठ टेकतो आणि मोशी यायच्या आत झोपी जातो. बैल पुढची सगळी वाट जागचा हलत नाही.

चाकणला थांबायचं, कारण शनिवार म्हणजे चाकणचा बाजार. चहा तिथंच. कांद्याच्या गोण्यांच्या राशींमधून वाट काढत जनावरांच्या बाजाराकडे या. धूळ, हंबरणं, मुताचा वास, आणि त्यात एका जागी दोन माणसं अगदी गप्प उभी आहेत. दोघांचे उजवे हात एका उपरण्याखाली गेलेत. खाली बोटं दाबली जाताहेत. किंमत ठरतेय, आणि शेजारी उभ्या माणसालासुद्धा ती कळणार नाही. एकजण मान झटकतो, हात पुन्हा उपरण्याखाली. तुम्ही किती वेळ बघत उभे राहिलात ते तुमच्या लक्षात येत नाही. ट्रकचा हॉर्न वाजतो. चाकणच्या आसपासच्या माळांवर पुढे फोक्सवॅगन आणि मर्सिडीजच्या गाड्या तयार होणार आहेत. सध्या तिथं कांद्याची रोपं आहेत आणि एक म्हातारा बारं देतोय.

खेडहून पूर्वेला वळलात की घाट येण्याआधी आवाज येतो. कर्ण्यांचा. शब्द कळत नाहीत, नुसती घरघर आणि मध्येच एक लांबलचक किंचाळी. बैलांचे कान ताठ होतात. यांना ठाऊक आहे. त्यांच्या कातडीखाली शिरशिरी धावताना तुम्हाला दिसेल, खांद्यापासून थेट शेपटीपर्यंत. थोरला न उठवता जागा होतो.

टेकावर खंडोबाचं दगडी देऊळ, आणि खाली माणसांचा महापूर. उतरा. पाय जमिनीला टेकतात ते भंडाऱ्यात. हळद नाकात जाते, घशात उतरते, घामाला चिकटते. दुपारपर्यंत तुमचा सदरा, भुवया, पापण्या, सगळं पिवळं होणार आहे. गोडीशेव आणि रेवड्यांचे ढीग, भज्यांच्या कढया, पिपाण्या, पाळण्यांची कुरकुर, गारेगारवाल्याची घंटा. कुणीतरी तुमच्या डोक्यावर टोपी ठेवतं. कुणाची ते विचारू नका.

आता घाट बघून घ्या. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. सरळ रेषेत वर चढत गेलेली मातीची धाव, खाली सपाट, पुढे चढण. कडेला दगडमातीचे बांध आणि बांधांवर माणसं. दाटीवाटी इतकी की कुणी शिंकला तर दहाजण हलतात. पहाटे पाणी मारून धाव दाबून घेतलेली असते, पण नऊ वाजेपर्यंत खुरांनी ती उकरून काढलेली असते. ओल्या मातीचा आणि जनावरांच्या घामाचा वास एकत्र येतो. वरच्या टोकाला निशाण घेतलेला माणूस, त्याच्याजवळ घड्याळ धरून बसलेले पंच.

गाडा पाहून हसू नका. ही शेतातली बैलगाडी नाही. दोन चाकं, एक आस, दांडी आणि थोडीशी चौकट. बसायला जागाच नाही, कारण त्यावर कुणी बसत नाही. चार बैल. मागच्या दोघांना धुरेचे म्हणायचं, पुढच्या दोघांना जुकाटाचे. पुढे एक घोडी, तिच्यावर पोरगेला स्वार. घोडी सुटते, बैल तिच्यामागे सुटतात आणि एकदा सुटले की त्यांना हाकणारं कुणी नसतं. वर्षभर जे शिकवलं तेवढंच त्यांच्यासोबत जातं. मला या शर्यतीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. माणसाने सगळं करायचं, आणि ऐन वेळी हात सोडायचा.

धाकटा गाड्याच्या आसाशी बसलाय. चाक बोटाने फिरवतो, कान लावून ऐकतो. फिरण्यात बारीकशी खरखर आहे. त्याच्या खिशातून एक चिंधी निघते, चिंधीत ग्रीस. आठवडाभर तो मशीनवर अशी मापं सांभाळतो की केसाची जाडीही तिथं ढोबळ ठरते, आणि त्याच हाताने आता चाकात ग्रीस भरतोय. पुन्हा फिरवतो. आता आवाज नाही. चाक फिरत राहतं, फिरत राहतं. "आता सुटंल," तो म्हणतो.

ऊन चढतं. एकेक गाडा बारीला येतो. प्रत्येकाबरोबर ढोल-ताशे, प्रत्येकाबरोबर गाव. गुलालाने माखलेली शिंगं, गोंडे, पाठीवर रंगाचे पंजे. कर्ण्यावरचा माणूस श्वास न घेता बोलतोय. गाव, गाडामालक, बैलांची नावं, देवाचं नाव, मग एकदम आवाज चढवून, "घाट मोकळा करा! पुढची माणसं बाजूला व्हा! घाट मोकळा करा!" माणसं होत नाहीत. अगदी शेवटच्या क्षणापर्यंत धावेत पोरं उभी असतात आणि गाडा सुटल्यावर दोन्ही बाजूंना उड्या मारतात. तुम्ही तसलं काही करू नका. मघाशी एका गाड्याचा धुरेचा बैल बांधाला घासून गेला तेव्हा चारपाच जण खाली कोसळले होते; एकाला खाटेवर घालून नेलं.

आणखीही काही दिसेल, ते न बघितल्यासारखं करू नका. पलीकडच्या एका बैलाच्या पुठ्ठ्यावर टोचल्याच्या खुणा आहेत, ताज्या, माश्या बसलेल्या. पराणीला खिळा लावून टोचणारे आहेत, शेपटीला चावणारे आहेत. आबा तिकडे बघतात आणि थुंकतात. "भ्यालेला बैल एकदा पळतो. माया लावलेला धा वर्सं पळतो." पुढे याच टोचण्या-मारण्यावरून 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. पुन्हा परवानगी मिळाली ती 2021 च्या डिसेंबरात, काठी-चाबकाला मनाई करणाऱ्या नियमांसकट. त्या खुणा पाहिल्यावर ते नियम कुठून आले हे वेगळं सांगावं लागत नाही.

"मारुंजीचा गाडा बारीला!"

पोटात गोळा आला ना? येणारच. सकाळपासून तुम्ही या बैलांच्या श्वासात बसून आलात. ढोल सुरू होतात. पोरं नाचत पुढे, मध्ये बैल, दोन्ही बाजूंनी कासरे धरलेली माणसं, आणि तुमच्या हातात भंडाऱ्याची पिशवी. सर्जा चालत नाही, तरंगतो. घशातून खोल, दबका आवाज काढतोय. जू मानेवर येतं, शिवळा बसतात, जुपण्या आवळल्या जातात. जुकाटाचा नेऱ्याचा बैल मागे सरतो, पुन्हा ओढून रेषेवर आणतात. घोडी पुढे थयथयाट करतेय.

"पाव्हनं! चाक धरा!"

तुम्हालाच म्हणताहेत. पिशवी टाका. मागून चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारा, टाच मातीत रोवा. आता लाकडातून काय येतंय ते बघा. चार बैलांचा थरकाप. आसातून, आऱ्यांतून, तुमच्या तळहातांतून थेट दातांपर्यंत. गाडा जागेवर आहे आणि तरीही आतून धावतोय. डावीकडे थोरला, जुपणीला हात, ओठ हलताहेत. कर्णा गप्प झाला. ढोल थांबले. आबांचा हात वर गेलाय.

"हाऽऽऽण!"

हात सुटतात की सोडले जातात, कळत नाही. चाक तळव्याची साल घेऊन निघून जातं. मातीचा एक लपका तोंडावर बसतो. डोळे पुसेपर्यंत गाडा अर्ध्या घाटात आहे आणि कर्णा वेडा झालाय, "भिर्रर्रर्रर्रर्र..." हजारो घशांतून तीच एक अक्षरहीन आरोळी उठते, तुमच्याही. तुम्ही कधी ओरडायला लागलात? धुळीतून फक्त शिंगांची टोकं दिसताहेत आणि घोडीची शेपटी. चढण लागते. इथंच बैल मोडतात. जुकाटाचा डावा जरा वाकडा जातो, बांधाकडे, सगळा बांध आत श्वास ओढतो, आणि धुरेवरून सर्जा खांदा देतो. दिलाच. गाडा सरळ होतो. निशाण पडतं.

बारा सेकंद. वर काही. किती वर, हे अजून कुणाला माहीत नाही.

पळा आता! सगळे पळताहेत, वरच्या मोकळ्या रानाकडे. तिथं बैल आपसूक थांबतात असं वाटलं होतं तुम्हाला? ते चौफेर उधळलेत, पोरं कासऱ्यांना लोंबकळताहेत. आबा, एवढं वय झालेला माणूस, तुमच्या पुढे पोचलेत. निशाणाकडे बघत नाहीत, पंचांकडे नाही. गुडघ्यावर बसून सर्जाचा पुढचा डावा पाय हातात घेतात. खूर, मग बोटांमधली जागा, मग नळी, मग गुडघा, सगळं दाबून बघतात. उजवा. मागचे दोन्ही. बैलाच्या नाकपुड्यांतून वाफ येतेय, तोंडाला फेस आहे, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत. आबा उठतात. "धड हाय," ते म्हणतात, आणि मग कुठं विचारतात, "किती आलं?"

इथला हिशेब तुमच्या ओळखीचा नाही. एकच गाडा जिंकतो असं नसतं. ठरलेल्या सेकंदाच्या आत जे जे गाडे येतील ते सगळे त्या नंबरात, आणि इनाम वाटून. त्यामुळे पहिल्या नंबरात आलेला मालक दुसऱ्या मालकाला मिठी मारू शकतो. पण सेकंदाची रेषा ज्याच्या नाकासमोरून निघून गेली, त्याचं काय होतं तेही दिसेलच. कर्णा खरखरतो. मारुंजीचा गाडा पहिल्यात नाही. दुसऱ्या नंबरात. धाकट्याचा चेहरा पडतो. थोरला मात्र उड्या मारतोय. नाव पुकारल्यावर आबांना फेटा बांधतात, नारळ देतात. इनामाच्या वाट्याची पाकिटातली रक्कम एवढी थोडी आहे की ट्रकचं भाडंही त्यात पुरं सुटणार नाही. आजकाल पिंपरी-चिंचवडमध्ये शर्यतीच्या बक्षिसात जेसीबी ठेवलेलाही लोकांनी पाहिलाय. आबांना हे सांगून बघा. ते तुमच्याकडे बघतील आणि विचारतील, "त्येला चारा काय घालायचा?"

रात्र इथंच काढायची. बैलांच्या पायांना कोमट पाण्याचा शेक, हळद-तेलाचा हात, आणि मगच माणसांचं जेवण: तीन दगडांची चूल, बाजरीची भाकरी, डोळ्यांत पाणी आणणारा रस्सा. पलीकडे तमाशाचा तंबू लागलाय. तमाशाच्या फडांचं नारायणगाव इथून लांब नाही, आणि ढोलकीची पहिली थाप पडली की अर्धी यात्रा तिकडे वळते. कनातीच्या फटीतून बघणाऱ्या पोरांच्या रांगेत तुम्हाला जागा मिळेल. जा. रविवारी सकाळी आखाडा आहे: रेवड्यांच्या कुस्त्यांनी सुरुवात होईल, नारळावर बारकी पोरं लढतील, दुपारपर्यंत मोठ्या जोड्या लागतील. तुमचं अंग एवढं ठणकत असेल की तुम्ही नुसते बसून बघाल. सोललेल्या तळहाताला आबांनी हळद लावलीय, बैलाला लावली त्याच वाटीतली.

आणि परतीचा ट्रक. रविवारची तिन्हीसांज, चाकणजवळ धूळ आणि धुकं एक झालेलं. थोरल्याला रात्री पुन्हा पाळीवर हजर व्हायचंय, तरी तो झोपत नाहीये. वाद पेटलाय. नेऱ्याचे पाहुणे म्हणतात घोडी उशिरा सुटली. जांब्याचे म्हणतात जुकाट डावीकडे गेलं तिथंच अर्धा सेकंद गेला. धाकटा बोटांवर हिशेब मांडतो: चढण लागल्यावर नव्हे, सुटतानाच गेलाय तो, कुणीतरी चाक उशिरा सोडलं. सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात.

"न्हाई न्हाई, पाव्हन्यांनी येळेत सोडलं," आबा म्हणतात. "म्या बघितलं."

"मग कवा गेला अर्धा सेकंद?"

"पाव्हनं, तुमी सांगा. तुमी चाकापाशी हुता. सुटताना धुरेचं आधी हाललं का जुकाटाचं?"

आणि तुम्ही, धूळ खाल्लेल्या, बसलेल्या आवाजात, दोन्ही हात हवेत चाकाएवढे पसरून, सांगायला लागता.